घरात वाटणी चालू असताना महाभारत वाचावे का?

बांधावरचा

नमस्कार. इथे बरीच वर्षे नुसता वाचत आलो, धागा काढायची ही पहिलीच वेळ. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्या.

आमचे गाव तासगावकडचे. आण्णांना जाऊन सात महिने झाले. मागे साडेसहा एकर जमीन, त्यातली अडीच एकर द्राक्षबाग आणि एक विहीर. माझी आई मी चार वर्षांचा असताना गेली. नंतर आण्णांनी दुसरे लग्न केले. धाकट्या आईने मला आणि माझ्या बहिणीला कधी परके केले नाही, हे आधीच सांगतो. तिचा मुलगा म्हणजे माझा धाकटा भाऊ चाकणला नोकरीला आहे. बहीण बेळगावला दिलेली.

बागेत बावीस वर्षे मी आहे. खरड छाटणी, गोडी छाटणी, रात्री-अपरात्री औषध मारणे, ठिबकच्या नळ्या साफ करणे, सगळे मी केले. आता भाऊ म्हणतो, विहिरीकडचा तुकडा मला पाहिजे. मी म्हणतो, विहीर माझ्या बागेला लागून आहे, ती माझ्याकडेच राहील. दिवाळीपासून आम्ही बोललेलो नाही. मोजणीचा अर्ज पडला आहे. बहिणीच्या हक्कसोडपत्राचा कच्चा मसुदाही तयार आहे.

आण्णांची पांडवप्रतापाची पोथी माझ्याकडे आहे. दर श्रावणात मारुतीच्या देवळात ती लावायचे. एकजण ओव्या वाचायचा आणि आण्णा सूचक, म्हणजे अर्थ सांगायचे. पोथीत जागोजाग त्यांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. परवा आत्या आली. बासन बघून म्हणाली, "भाऊबंदकीचं पुस्तक घरात ठेवलंस म्हणून हे असं झालं. आधी देवळात नेऊन दे."

पोथी दिली नाही, पण बासन सोडून वाचायलाही हात होत नाही. आजच्या माणसाला या ग्रंथांतून खरोखर वाट सापडते का? की दुसऱ्याला सांगायलाच ते बरे? तुमच्यापैकी कुणाला अडचणीच्या वेळी त्यांचा उपयोग झाला असेल तर लिहा.

आर्यावृत्त

बांधावरचा, आण्णांना आदरांजली.

आधी आत्याबाईंच्या म्हणण्याबद्दल. महाभारत घरात ठेवू नये, अखंड वाचू नये, शेवटचे पर्व वाचलेच तर घराबाहेर बसून वाचावे, असे माझ्या आजोळीही म्हणत. पण याच महाराष्ट्रात श्रीधरस्वामींचा पांडवप्रताप तीनशे वर्षे घरोघर आणि देवळोदेवळी वाचला गेला. १७१२ साली तो पूर्ण झाला, अध्याय ६४. नाझऱ्याच्या या कवीने हरिविजय, रामविजय, पांडवप्रताप अशी तिन्ही कथानके बायाबापड्यांना समजतील अशा ओवीत आणली. पोथीने भांडणे लागत असती तर सांगोल्यापासून विदर्भापर्यंत एकही घर एकत्र राहिले नसते.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले. १२५९ हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी १९२५ मध्ये मुख्य संपादकपद हाती घेतले. १९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण होऊन बाहेर आले आणि १९४३ मध्ये ते गेले. काम पुढच्यांनी तडीस नेले. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा लिप्यांतल्या पोथ्यांवर माणसांनी आयुष्य घालवले. मी विद्यार्थी असताना त्या संस्थेच्या वाचनालयात बसायचो. तिथली शांतता आठवली की आजही बरे वाटते.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन भाऊ, दोन आया आणि पाणी. तुम्ही आरण्यकपर्वातले यक्षप्रश्न वाचले आहेत का? लहानपणी ऐकलेले कोड्यांपुरते आठवत असतील. कोडी बाजूला ठेवा आणि त्यानंतर काय होते ते वाचा. संध्याकाळी सविस्तर लिहितो, आत्ता तासाला जायचे आहे.

सांजवात

वाचतेय. आमच्याकडे हेच चालू आहे, फक्त बांध पाच फुटांचा आहे.

गोदाकाठ

मी जरा वेगळे बोलणार आहे. राग मानू नये.

मी नाशिकचा. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्यात माझे पणजोबा होते. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली माणसे रामाच्या दारात उभी राहिली, पण दार उघडले नाही. पाच वर्षे थांबल्यावर १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. पुढे त्याच रामाची कथा 'सर्वांची मार्गदर्शक' म्हणून सांगितली जाते तेव्हा आमच्या घरात शांतता पसरते. ती शांतता संमतीची नसते.

एकलव्याचा अंगठा गेला त्या प्रसंगात कुणी हूं की चूं करत नाही. द्रोण दुःखी होत नाही. अर्जुनाला बरे वाटते. तप केले म्हणून रामाने मारलेल्या शूद्र शंबूकाची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे. बांधावरचा, तुमच्या दुःखाशी माझे भांडण नाही, पोथी अवश्य वाचा. पण वाट दाखवणारा म्हणून एखाद्याचा हात धरायचा असेल तर त्याने कुणाकुणाला वाटेतून ढकलले हेही पाहावे लागते. आणि हे बोलले की 'काळाच्या संदर्भात बघा' असे सांगतात. काळ संपला असता तर मी हे लिहिले नसते.

माजघर

गोदाकाठ, तुम्ही लिहिलेत ते बरे केलेत.

मी यवतमाळची. आमच्या राळेगाव तालुक्यात रावेरी नावाचे गाव आहे. तिथे सीतेचे देऊळ आहे. राम नसलेली, एकटी सीता. रामाने टाकल्यावर ती या भागात राहिली आणि लव-कुशांना इथेच वाढवले, असे लोक मानतात. बाळंतीण सीतेने गावात गहू मागितला आणि कुणी दिला नाही, म्हणून इथे गहू पिकणार नाही असा शाप तिने दिला, अशी कथा आहे. हे पडके देऊळ शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने पुढाकार घेऊन बांधून काढले. नवऱ्याने टाकलेल्या बायांना तिथे आपले माणूस भेटल्यासारखे वाटते. माझी मावशी त्यांतली एक होती.

आणि जात्यावर दळता दळता आमच्या आज्या काय म्हणत?

राम म्हणू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी माझी सीता, राम हलक्या दिलाचा

शाळेत न गेलेल्या बाईने पहाटे चार वाजता दळताना हे म्हटले आहे. रामाला ती सोडत नाही, घरात देव्हाऱ्यात राम आहेच, पण निवाडा तिने स्वतः केला. आमच्याकडे रामायण असे आले. कुणी वरून सांगितले आणि आम्ही मान डोलावली असे झालेले नाही. म्हणून मला वाटते, या कथांचा हात धरून चालता येते आणि चालता चालता तिला बोलताही येते.

गोदाकाठ

माजघर ताई, ही ओवी माझ्या आजीच्या तोंडीही होती. पण तुमच्या आजीला रामाला बोल लावून पुन्हा देव्हाऱ्यात ठेवता आले, कारण देव्हारा तिचा होता. आमच्या पणजोबांना देवळाच्या पायऱ्यांवर उभे राहायची परवानगी नव्हती. एवढा फरक लक्षात असू द्या, बाकी तुमचे म्हणणे मला पटते.

माजघर

असू देते. खरे आहे.

आर्यावृत्त

गोदाकाठ, तुमच्या पहिल्या प्रतिसादाला मी उत्तर देणार नाही, कारण ते खोडण्यासारखे नाही. एक भर मात्र घालतो. द्रोणपर्वात घटोत्कच पडल्यानंतर कृष्ण अर्जुनाला स्पष्ट सांगतो की जरासंध, शिशुपाल, एकलव्य यांना बाजूला सारले गेले ते तुझ्या हितासाठी. एकलव्याचा अंगठा घेण्यामागचा हेतूही तो त्यात सांगतो. म्हणजे ग्रंथ हा अन्याय लपवत नाही, विजेत्याच्या तोंडावर त्याचा हिशेब मांडतो. याने जखम भरत नाही हे मला कळते. रामायणाबद्दल सांगायचे तर बडोद्याच्या प्राच्यविद्या संस्थेने १९६० ते १९७५ या काळात त्याची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. शंबूकाची कथा उत्तरकांडात येते आणि उत्तरकांड नंतरचे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण 'नंतरचे' म्हटल्याने प्रश्न मिटत नाही. नंतरच्यांनीही ते श्रद्धेने वाचले.

आता यक्षाकडे येतो. बांधावरचा, हे शांतपणे वाचा.

वनवासाची बारा वर्षे संपत आलेली. एका ब्राह्मणाच्या अरणी, म्हणजे अग्नी पेटवायची लाकडे, हरणाच्या शिंगांना अडकल्या, हरीण पळाले, पाचही भाऊ मागे धावले. हरीण हाताला लागले नाही, सगळे तहानेने व्याकूळ. नकुल पाणी आणायला तळ्यावर गेला. आवाज आला, हे तळे माझे आहे, आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे दे, मग पाणी पी. तो प्यायला आणि पडला. मग सहदेव, अर्जुन, भीम, एकामागून एक. शेवटी युधिष्ठिर आला, चार भाऊ काठावर पडलेले पाहिले, आणि तहानलेला असूनही थांबला. उत्तरे दिली.

यक्ष प्रसन्न झाला आणि म्हणाला, यातला एक भाऊ सांग, तो जिवंत होईल. युधिष्ठिर म्हणाला, नकुल.

यक्षाला आश्चर्य वाटले. दहा हजार हत्तींचे बळ असलेला भीम तुला प्रिय आहे, ज्याच्या बाहुबळावर सगळे पांडव विसंबून आहेत तो अर्जुन आहे, त्यांना सोडून सावत्र भाऊ का मागतोस? पुढे युद्ध आहे हे युधिष्ठिराला माहीत होते. त्याचे उत्तर मूळ शब्दांतच देतो:

यथा कुन्ती तथा माद्री विशेषो नास्ति मे तयोः ।
मातृभ्यां सममिच्छामि नकुलो यक्ष जीवतु ॥

मला जशी कुंती तशी माद्री. दोघी आयांना सारखेच मिळावे असे मला वाटते. कुंतीचा मी एक जिवंत आहे, माद्रीचाही एक असू दे.

तीस वर्षे मी हे शिकवतो. दर वर्षी वर्गात एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती चटकन लक्षात येत नाही. माद्री तेव्हा जिवंत नव्हती. पांडूबरोबर ती केव्हाच गेली होती. कुंती हस्तिनापुरात विदुराकडे होती, मुलांची वाट बघत. जी आई कधी विचारायला येणार नव्हती, तिच्या वाट्याचे युधिष्ठिराने राखले. बघायला कुणी नव्हते. यक्ष म्हणजे आपला बाप यमधर्म आहे हेही त्याला ठाऊक नव्हते.

आणि या वागण्याला त्याने दिलेले नाव आहे आनृशंस्य. 'आनृशंस्यं परो धर्मः', असे तो यक्षाला दोनदा सांगतो. नृशंस म्हणजे क्रूर. आनृशंस्य म्हणजे क्रूर न होणे, दुसऱ्याच्या ठिकाणी जीव ओलावणे. अहिंसा म्हटले की डोंगराएवढे काही वाटते, लढाईला निघालेल्या माणसाला ते शक्यही नसते. आनृशंस्य रोजच्या व्यवहारात जमण्यासारखे आहे. मोजणीच्या दिवशीसुद्धा.

तुमच्या घरी आई गेली आहे आणि धाकटी आई आहे, म्हणजे उलटे आहे. म्हणून तुम्हाला हे अधिक सोपे की अधिक अवघड, ते तुम्हीच ठरवा.

तळकोकण

सर, अंगावर काटा आला.

आमच्याकडे कुडाळ-सावंतवाडी भागात जत्रेत दशावतारी नाटक रात्रभर चालते. संवाद लिहिलेले नसतात, नट आख्यान ठरवतात आणि उभ्या उभ्या बोलतात. लहानपणी मी जमिनीवर गोणपाट टाकून बघायचो. भीम, दुर्योधन, कृष्ण समोर भांडत असायचे आणि पहाटे तेच नट टोपात चहा उकळत बसलेले दिसायचे. देव असा हाताच्या अंतरावर असायचा. मला वाटते म्हणूनच कोकणातल्या माणसाला या कथांचे भय वाटले नाही, देवळाच्या आवारात भांडखोर कौरव येऊन गेले तरी.

सासुरवाशीण

बांधावरचा दादा, तुमची बहीण बेळगावला आहे असे वाचले आणि लिहायला बसले, मीही बेळगावातच दिलेली. तुम्ही ओळखीचे नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे.

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये भावाचे म्हणणे आहे, तुमचे म्हणणे आहे. बहिणीच्या बाजूला फक्त हक्कसोडपत्राचा मसुदा आहे. ती काय म्हणाली ते कुठेच नाही. तुम्ही विचारलेत का?

कायद्याचे तुम्हाला ठाऊक असेलच. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाएवढा हक्क आहे. माझ्याकडूनही सही घेतली. पेढे दिले, साडी दिली, माझ्या भावाने डोळ्यांत पाणी आणून 'ताई, माहेर तुझंच आहे' म्हटले. त्यानंतर पाच वर्षे मी माहेरी जाते तेव्हा पाहुणी असते. जमीन नको होती मला. विचारलेले हवे होते.

महाभारतात शंभर भावांना एक बहीण होती, दुःशला. युद्धात नवरा जयद्रथ गेला, शंभरही भाऊ गेले, तेही तिच्याच चुलतभावांच्या हातून. आश्वमेधिकपर्वात अर्जुन यज्ञाच्या घोड्यामागे सिंधू देशात जातो. अर्जुन येतोय एवढे ऐकूनच तिचा मुलगा सुरथ प्राण सोडतो. मग दुःशला तान्ह्या नातवाला घेऊन रणांगणावर येते आणि लढणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मध्ये उभी राहते. अर्जुन धनुष्य खाली टाकतो. ज्याच्यासाठी आपण सगळे नातलग यमलोकी धाडले त्या क्षात्रधर्माचा धिक्कार असो, असे म्हणतो आणि बहिणीला जवळ घेतो.

शंभर भावांपैकी एकानेही द्यूताच्या आधी तिला विचारले नव्हते. सगळे संपल्यावर ती आली आणि तिच्यामुळे हत्यार खाली पडले. दादा, तुम्ही हे संपण्याच्या आधी फोन करा.

सांजवात

ताई, हे वाचून मी आत्ता उठून माझ्या नणंदेला फोन केला. एवढेच सांगायचे होते.

पैलतीर

मला वाटते आपण एक चूक करतो आहोत. 'महाभारत मार्गदर्शक आहे' म्हटले की त्यातल्या सज्जनांनी काय केले ते आपण शोधतो. माझा अनुभव उलटा आहे. मला त्यातली गप्प बसलेली माणसे उपयोगी पडली.

मी एका सरकारी खात्यात एकतीस वर्षे नोकरी केली, आता निवृत्त आहे. एकदा एका बाईच्या फायलीवर अन्याय होताना मी पाहिला. बैठकीत आम्ही अकरा जण होतो. सगळ्यांना कळत होते. मी वहीत रेघा मारत बसलो. ती गोष्ट मनातून गेली नाही.

त्यानंतर कधीतरी सभापर्व वाचायला घेतले, चिपळूणकर मंडळींचे जुने मराठी भाषांतर. द्रौपदी भर सभेत प्रश्न विचारते: युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला? जो आधीच दास झाला, त्याला बायको पणाला लावायचा अधिकार उरतो का? एवढा साधा, वकिली प्रश्न. आणि भीष्म म्हणतात, धर्म सूक्ष्म आहे, मला तुझ्या प्रश्नाचा निवाडा करता येत नाही. एकटा विकर्ण उठतो, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. त्याला कर्ण गप्प करतो.

मग विदुर सभेला एक जुना निवाडा सांगतो, कश्यपाने प्रह्लादाला सांगितलेला. सभेत निंद्य गोष्ट घडली आणि तिची निंदा झाली नाही, तर त्या पापाचा अर्धा भाग सभेतल्या प्रमुखाकडे जातो, एक चतुर्थांश करणाऱ्याकडे, आणि एक चतुर्थांश गप्प बसलेल्या सभासदांकडे.

मी तो श्लोक पुन्हा पुन्हा वाचला. करणाऱ्याच्या आणि बसून राहिलेल्यांच्या वाट्याला सारखेच. त्या दिवशी मला कुठल्याही प्रवचनातून झाली नव्हती एवढी स्वच्छ जाणीव झाली. ती बाई तोपर्यंत बदली होऊन गेली होती. तिचा पत्ता काढून मी तिला पत्र लिहिले आणि पुढच्या चौकशीत लेखी साक्ष दिली. तिला न्याय निम्माच मिळाला. पण अध्यात्म कशाला म्हणतात असे मला कुणी विचारले तर मी त्या पत्राचे नाव घेईन.

म्हणून गोदाकाठ यांचे म्हणणे मला जवळचे वाटते. एकलव्याच्या प्रसंगात कुणी हूं की चूं केले नाही असे ते म्हणाले. विदुराच्या हिशेबाने तो चतुर्थांश तिथे असलेल्या प्रत्येकाकडे जातो, आणि आपण ती कथा पिढ्यान्‌पिढ्या नुसती ऐकत आलो असू तर आपल्याकडेही.

गोदाकाठ

पैलतीर काका, मी असा हिशेब पहिल्यांदा ऐकला. सभापर्व मिळवून वाचतो. बांधावरचा, तुमच्या धाग्यावर माझे दुःख मांडले, माफ करा. जमिनीची वाटणी असो की देवळाची पायरी, कुणाचा तरी वाटा कुणीतरी अडवून धरलेला असतो, एवढेच मनात होते.

तळकोकण

दुर्योधन आठवला. कृष्ण शिष्टाईला गेला त्याच्याही आधी युधिष्ठिर पाच गावांवर आला होता. अविस्थल, वृकस्थल, माकंदी, वारणावत आणि पाचवे तुम्ही द्याल ते. त्यावर दुर्योधन म्हणतो, सुईच्या अग्राने टोचली जाईल एवढीही भूमी देणार नाही. सातबाऱ्यावर हेक्टर-आरमध्ये लिहिलेले आकडे बघतो तेव्हा ती सुई डोळ्यांसमोर येते.

आर्यावृत्त

आणि जिंकल्यावर काय, तेही ग्रंथात आहे. शांतिपर्व उघडले की राज्य मिळालेला युधिष्ठिर नारदाला म्हणतो, 'जयोऽयमजयाकारो भगवन् प्रतिभाति मे'. हा जय मला पराजयासारखा दिसतो. कारण कर्ण आपला थोरला भाऊ होता हे त्याला मेलेल्यांना पाणी देताना कळले, कुंतीने सांगितले तेव्हा. तो वनात जायला निघतो. भाऊ, द्रौपदी, व्यास, कृष्ण, सगळे समजावतात आणि शेवटी त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेतात. भीष्म अठ्ठावन्न रात्री त्या शय्येवर होते. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म हे सगळे भावांना मारून खचलेल्या एका माणसाला पुन्हा उभे करण्यासाठी सांगितलेले आहे. मोक्षाचे विवेचन म्हणून ते सुटे वाचले की कोरडे वाटते. ते कुणाला आणि कधी सांगितले हे लक्षात ठेवून वाचले की ओले होते.

बांधावरचा, एकट्याने वाचू नका. आपल्याकडे पोथी एकट्याची नव्हतीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, अठरा रविवार बोलले, समोर राजकैदी बसलेले आणि साने गुरुजी लिहून घेत होते. सांगणारा, ऐकणारा, लिहिणारा असे सगळे होते म्हणून ते आज आपल्यापर्यंत आहे. तुमच्या आण्णांनाही सूचक म्हणून बसायला समोर वाचणारा लागतच होता.

माजघर

धाग्याच्या मालकांचा अकरा दिवस पत्ता नाही. सगळे ठीक ना?

बांधावरचा

ठीक आहे. बाग छाटणीला आली होती आणि मनही लागत नव्हते. सगळ्यांचे लिहिलेले रात्री बसून वाचत होतो. काही तीन-चारदा वाचले.

सासुरवाशीण ताई, तुमचे वाचल्यावर दुसऱ्याच दिवशी बहिणीला फोन केला. "तुला काय पाहिजे?" एवढेच विचारले. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, हे तू सात महिन्यांत पहिल्यांदा विचारलंस." तिला जमीन कसायची नाही. तिचे नाव सातबाऱ्यावर राहू दे एवढे तिने मागितले. मसुदा फाडला. वकिलांना तसे कळवले.

मग बासन सोडले. पोथी चाळता चाळता वनवासातल्या त्या प्रसंगाशी आलो. सरांनी सांगितला होता म्हणून थांबलो. आण्णांच्या तांबड्या पेन्सिलीची खूण तिथे होती. बाकी ठिकाणी एक रेघ असते. इथे दोन होत्या, समासात. का ते मला माहीत नाही. कदाचित सूचक म्हणून तिथे जास्त वेळ थांबायचे असेल. पण दोन बायकांचा संसार केलेल्या माणसाने ओढलेल्या त्या दोन रेघा आहेत, आणि मी देवळात त्यांच्याच मांडीशी बसून हे ऐकले असणार. कसे विसरलो?

पोथी घेऊन धाकट्या आईकडे गेलो. ती भावाच्या बाजूला म्हणून मी चार महिने तिच्या दारात पाऊल टाकले नव्हते. घर एकच आहे आमचे, दार तेवढे वेगळे केले होते. तिला वाचता येत नाही. मी वाचले. अर्थ सांगायची वेळ आली तेव्हा मला जमेना, तर तिनेच सांगितला, आण्णा सांगायचे तसा, त्यांच्याच शब्दांत. मग म्हणाली, "नकुल मागितला तेव्हा भीमाला राग आला असंल का रे?" मला उत्तर देता आले नाही. सर, तुम्हाला माहीत असेल तर सांगा, तिला खरोखर पाहिजे आहे.

भावाला फोन मी केला. वीस मिनिटे बोललो, त्यातली दहा भांडलो. विहिरीकडच्या तुकड्याचे अजून ठरलेले नाही, तो अडून आहे आणि मीही अजून पूर्ण मोकळा झालेलो नाही, खोटे कशाला सांगू. पण विहीर दोघांच्या नावावर राहील आणि पाण्याची पाळी तीन-तीन दिवसांची असेल, एवढे ठरले. मोजणी पुढे ढकलली. शनिवारी तो येतोय.

आत्याला सांगितले, पोथी घरातच राहील. तिने मान हलवली नाही, पण चहा घेऊन गेली. बहिणीने पोथी बेळगावला मागितली आहे, आण्णांच्या खुणा तिलाही बघायच्या आहेत म्हणते. शनिवारी भाऊ आल्यावर त्याच्यासमोर तो अध्याय एकदा वाचतो आणि मग पाठवतो.

आर्यावृत्त

आईंना सांगा, भीमाला राग आला की नाही ते व्यासांनी लिहिलेले नाही. तो तेव्हा तळ्याकाठी निपचित पडला होता. उठल्यावर त्याची तहान-भूक गेली होती एवढेच लिहिले आहे. त्यांना काय वाटते ते मात्र मला कळवा.